सगळ्या दारांसकट

हर्मेलिंडा सांतिबान्येस स्वस्थ बसली आहे, असं ह्युरॉन गावात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी आधी तिच्या नाकाशी आरसा धरून बघितला असता. रविवारी चर्चमध्येसुद्धा ती शेवटच्या बाकाच्या टोकाला, एक पाय बाहेर. पाद्रीबाबांचा हात आशीर्वादाला वर जायचा आणि हिचा पर्समधल्या किल्लीवर. जेवायची उभ्याने. फोनवर बोलायची ती येरझाऱ्या घालत. ती राहायची त्या पत्र्याच्या ट्रेलर-घरासमोरच्या तुकड्यात गवताने उगवायचा नाद कधीच सोडून दिला होता.

तरुणपणी तिने लेट्यूसच्या शेतात वाकून वाकून कमरेचा पार निकाल लावून घेतला. मग एक दिवस सुरी टाकली, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची जुनी व्हॅन विकत घेतली आणि गावाची राइतेरा झाली. म्हणजे ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा गाडी आहे पण लायसन्स नाही, किंवा दोन्ही आहे पण फ्रेस्नो शहराकडच्या हायवेची धास्ती आहे, अशा सगळ्यांना फ्रेस्नोला दवाखान्यात, कोर्टात, पासपोर्टच्या ऑफिसात न्यायचं आणि परत आणायचं. पेट्रोलचे पैसे आणि वर थोडे. व्हॅनचं नाव पालोमा, कारण घेतली तेव्हा ती कबुतरासारखी पांढरी होती. पुढे पुढे ती कबुतरं ज्या पत्र्यावर बसतात त्या पत्र्यासारखी दिसायला लागली, पण नाव राहिलं.

त्या वर्षी पालोमा धुराच्या परीक्षेत नापास झाली. परीक्षा घेणाऱ्या पोराने नळी लावली, मशीनकडे बघितलं आणि नळी अशी काढली की जणू साप चावेल. गावातल्या स्पॅनिश रीतीने त्याने तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हटलं एवढंच.

"दोन्या हर्मेलिंडा, ही गाडी नाही. ही चूल आहे."

"मग पास कर की. चुलीला कोण नापास करतं?"

पोराने पास केलं नाही. पास नाही म्हणजे नंबरपाटीवर नव्या वर्षाचं स्टिकर नाही, आणि स्टिकर नाही म्हणजे पहिल्याच पोलिसाने व्हॅन उचलून न्यायची. तीन माणसं फ्रेस्नोला नेल्याशिवाय हर्मेलिंडाची सकाळ होत नसे. आता ती पायी गावभर फिरू लागली. पोस्टात जायची, पत्र नसायचं, पुन्हा जायची. बेकरीवाली म्हणाली, "दोन्या, पाव एकदाच भाजतो आम्ही, दर तासाला येऊन काय बघता?"

तिचा खरा जीव टांगणीला लागला होता तो फाउस्तिनोमुळे. फाउस्तिनो कारान्सा हा गावातला दुसरा राइतेरो. त्याच मुकादमाकडून, त्याच आठवड्यात, त्याच मॉडेलची निळी व्हॅन त्याने घेतली होती. वर तो हर्मेलिंडाच्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत, अहो-जाहो करत आणि आदराने एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत. आजवर हर्मेलिंडाचं पारडं जड होतं, कारण निळ्या व्हॅनचं सरकतं दार कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकून आत घातलं होतं. ते दोरीने बांधलेलं असायचं. प्रवाशांनी पुढच्या सीटवरून गुडघ्यांवर रांगत मागे जायचं. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "फाउस्तिनोकडे भाडं कमी आहे, पण आब जातो." आता मात्र त्या आब गुंडाळून रांगू लागल्या होत्या, कारण दुसरी गाडीच नव्हती.

"आणखी दोन महिने असंच चाललं ना," हर्मेलिंडा ऑफेलियाला म्हणाली, "तर लोकांना रांगायची सवय होईल. मग मी सोन्याची गाडी आणली तरी कोणी चढणार नाही."

ऑफेलिया तिची मैत्रीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दर मंगळवारी फ्रेस्नोच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फेरी. रस्ताभर दोघींची तोंडं चालायची. ऑफेलियाला दिसायचं कमी, पण बोलण्यात ते कधी आडवं आलं नाही.

तर अशा वेळी सरकारच्या हवा खात्याने वाचनालयात टेबल मांडलं. टेबलामागे पाकू नावाची, मूळच्या आशियातल्या हमोंग जमातीची मुलगी होती, फ्रेस्नोची. तिचं स्पॅनिश शाळेतलं, इस्त्री केलेलं. प्रत्येक वाक्य ती हळूच खाली ठेवायची आणि पोचलं का ते बघायची.

"तुमची जुनी गाडी आम्हाला द्यायची. ठीक? आम्ही ती चेपून टाकणार. त्या बदल्यात स्वच्छ गाडी घ्यायला सरकार अनुदान देणार. ठीक?"

"सेकंडहँड चालेल?"

"चालेल."

"नुसती विजेची नको मला. मध्येच टोमॅटोच्या शेतापाशी बंद पडली तर प्लग काय टोमॅटोत खुपसू?"

पाकू हसली नाही. "मग प्लग-इन हायब्रिड घ्या. घरी प्लग लावायचा. पहिले वीस-पंचवीस मैल विजेवर, मग आपोआप पेट्रोलवर. ठीक?"

"ठीक. आणि पैसे माझ्या हातात?"

"तुमच्या हातात नाही. विकणाऱ्याच्या हातात. ठीक?"

"हे नाही ठीक," हर्मेलिंडा म्हणाली, पण तोवर ती कागदावर सही करून टेबलाला दोन प्रदक्षिणा घालूनही झाली होती.

गाडी बघायला फ्रेस्नोला जायचं तर न्यायचं कोणी? फाउस्तिनोनेच. हर्मेलिंडा पुढच्या सीटवर, ऑफेलिया रांगत मागे. फाउस्तिनो दातकाडी चघळत असा चालवायचा की मागून ट्रॅक्टर हॉर्न द्यायचे.

"कोंपाद्रे, उजवी लेन रिकामी आहे."

"असू दे की, कोमाद्रे. रिकामी आहे तर तिला आराम करू द्या."

"ब्रेक! ब्रेक!"

"तो सिग्नल पुढच्या गावाचा आहे हो."

हर्मेलिंडाचा उजवा पाय सबंध वाटभर नसलेला ब्रेक दाबत होता. भाडं फाउस्तिनोने घेतलं नाही, पण घेत नसल्याची आठवण मात्र मैलागणिक करून दिली.

पहिल्या दुकानात त्यांना अनुदानाचं नाव काढताच बाहेरचा रस्ता दाखवला. सरकारकडून पैसे यायला वेळ लागतो, तेवढा धीर त्या माणसाला नव्हता. दुसऱ्या दुकानात गाडी होती, पण मागच्या सीटवर जुन्या मालकाच्या कुत्र्याचे केस इतके की ऑफेलियाने हात फिरवून विचारलं, "हे कोण बसलंय?" तिसरं दुकान बोघोसियानचं. बोघोसियान जाडजूड आर्मेनियन, छातीवर हात ठेवून बोलायचा, जणू गाडी नाही, मुलगी देतोय.

"बाई, ही राखाडी बघा. शिक्षिकेची होती. शाळा आणि घर, घर आणि शाळा. मी माझ्या सख्ख्या बहिणीला देईन ही गाडी."

"मग दिली का नाही?"

"बहीण लॉस एंजेलिसला असते."

हर्मेलिंडाने टायरला लाथ मारून बघितली. बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डिकी उघडून जादा टायर शोधला. सापडला नाही.

"स्टेपनी कुठेय?"

"ह्या गाडीत स्टेपनी नसते, बाई. तिथे बॅटरी आहे."

"पंक्चर झालं तर बॅटरी लावू चाकाला?"

बोघोसियानने छातीवरचा हात कपाळावर नेला. हर्मेलिंडा आत बसली, बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा काहीच नाही.

"मेलेली आहे."

"चालू आहे, बाई."

"आवाज कुठेय?"

"नसतो. तुम्ही दोनदा दाबलंत, म्हणून आता बंद झाली."

तिने पुन्हा चालू केली आणि दुकानाच्या आवारात एवढ्या चकरा मारल्या की बोघोसियानचा पोऱ्या गाड्या पुसायचं सोडून बाजूला उभा राहिला. मग तिने ऑफेलियाला मागे बसवलं. गुडघे पुढे टेकतात का, उतरताना हाताला धरायला काही आहे का, डोळ्यांत औषध घातल्यावर मान मागे टाकता येते का, हे सगळं करून बघायला लावलं.

"बसायला बरी आहे," ऑफेलिया म्हणाली. "आणि दारातून आत येता येतं. फाउस्तिनो, ऐकलंत का? दारातून."

"ऐकलं," फाउस्तिनो म्हणाला. दातकाडी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

घासाघीस झाली. बोघोसियानने किमतीत थोडं सोडलं, छाती दाबत सोडलं. पाकूला फोन लावला. पाकू म्हणाली, गाडी चालेल, अनुदान मंजूर आहे, जुनी गाडी जमा झाली की पैसे मोकळे होतील, ठीक? बोघोसियान म्हणाला, पुढच्या शनिवारपर्यंत राखतो, त्यानंतर माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे. ही गोष्ट मात्र त्याने छातीवर हात न ठेवता सांगितली, म्हणून हर्मेलिंडाने ती खरी मानली.

आणि मग घरी येऊन तिने ती चूक केली. चूक तरी कशी म्हणायची, गावात हे असंच चालतं. गाडीचा शेवट आला की सोयरेधायरे जमतात. डुक्कर कापल्यावर शेजारीपाजारी वाटे जातात ना, तसं. कुणाला आरसा, कुणाला रेडिओ, कुणाला टायर. गाडी भंगारात जाते ती नुसता सांगाडा होऊन, आणि तिची आठवण गावभर चालत राहते. ज्याच्या गाडीतून कुणालाच काही मिळालं नाही, तो मेल्यावर त्याच्या माळेच्या प्रार्थनेलाही माणसं जमत नाहीत म्हणतात.

तशात हर्मेलिंडा खुशीत, आणि खुशीत तिचे हात जास्तच चालायचे. मागची लांब सीट कूको न्हाव्याला दिली, त्याच्या दुकानात बसायला बाक नव्हता. बॅटरी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला. आणि फाउस्तिनो पाना घेऊन नुसताच उभा होता, काही न मागता, आभाळाकडे बघत.

"तुम्हाला काय देऊ, कोंपाद्रे?"

"मला कशाला? तुमच्यासाठी फ्रेस्नोला फुकट गेलो, ते काय मी काही मिळावं म्हणून गेलो?"

"दार घ्या," हर्मेलिंडा म्हणाली. "सरकतं दार. तुमचं-माझं मॉडेल एकच."

फाउस्तिनोने इतक्या चपळाईने दार काढलं की त्याला तसं चपळ आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. दोन दिवसांत ते निळ्या रंगात रंगवून त्याच्या व्हॅनला बसलंसुद्धा. म्हाताऱ्या बायका ताठ मानेने चढू लागल्या.

मंगळवार उलटून गेल्यावर पाकूचा फोन आला.

"दोन्या हर्मेलिंडा, शनिवारी सकाळी गाडी फ्रेस्नोच्या भंगार यार्डात आणायची. स्वतःच्या चाकांवर चालत. पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालली पाहिजे. सगळे दिवे, सगळ्या सीटा, सगळी दारं. ठीक?"

हर्मेलिंडा येरझाऱ्या घालता घालता थबकली. हे इतकं नवलाचं होतं की समोरच्या ट्रेलरमधून कुणीतरी पडदा सारून बघितलं.

"सगळी दारं?"

"सगळी."

"तुम्ही चेपणार आहात ना तिला?"

"हो."

"मग चेपायच्या गाडीला दारं कशाला? मुडद्याला टोपी?"

"लोक नुसते सांगाडे आणतात आणि चालती गाडी दिली म्हणून पैसे घेतात. म्हणून नियम आहे. मी तुम्हाला वाचनालयात म्हटलं होतं, गाडी द्यायची."

"गाडी म्हणालीस. दारांसकट नाही म्हणालीस."

पलीकडे पाकूने कागद उलटले. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे गाडी म्हणजे दारांसकटच असते, दोन्या. ठीक?"

म्हणजे पालोमा शनिवारपर्यंत पुन्हा अख्खी झाली तर अनुदान, राखाडी गाडी आणि फ्रेस्नोच्या फेऱ्या. नाही झाली, तर बोघोसियानचं दुसरं गिऱ्हाईक, आणि हर्मेलिंडा उरलेला जन्म पोस्टात पत्र विचारत.

ती तडक कूकोच्या दुकानात गेली. तिच्या सीटवर तीन बाप्ये ओळीने बसले होते, तिघांनीही गंमत म्हणून पट्टे लावले होते. चौथा खुर्चीत, अर्ध्या गालावर साबण.

"उठा. सीट न्यायची आहे."

"कुठे न्यायची?" कूकोचा वस्तरा हवेतच थांबला.

"चेपायला."

"दोन्या, तुम्ही दिलेलं परत मागताय? म्हणजे डुकराचा वाटा घरी पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणायचं, जरा तंगडी परत द्या."

"खाल्ली नाहीयेस ना अजून? मग दे."

तिघांपैकी एकाचा पट्टा निघेना. बाकीचे दोघं हसत हसत त्याला सीटसकट उचलायला लागले. कूको म्हणाला, "न्या, त्यालाही चेपा, उधारी आहे त्याच्याकडे." शेवटी सीट आली. माणूस मागे राहिला. गावभर बोभाटा झाला की हर्मेलिंडा वाटे परत गोळा करत फिरतेय. लोक तिला बघून अंगणातल्या वस्तू घरात नेऊ लागले. शेजाऱ्याने बॅटरी मुकाट दिली, कारण ती लावूनही त्याचा ट्रॅक्टर सुरू झाला नव्हता.

राहिलं दार.

शुक्रवारी दुपारी ती ऑफेलियाला घेऊन फाउस्तिनोकडे गेली. ऑफेलियाला अशासाठी, की दोन बायकांना नाही म्हणणं एकीला नाही म्हणण्यापेक्षा अवघड. फाउस्तिनोच्या परसात दुसऱ्या दिवशीच्या बाप्तिस्म्याची तयारी चालली होती. खड्ड्यात निखारे घालून, त्यावर घायपाताची लांब पानं आणि मेंढीचं मटण रचून, वर झाकण, झाकणावर माती. मातीतून वाफेच्या बारीक रेघा निघत होत्या.

"दार नाही देता येत, कोमाद्रे," फाउस्तिनो सावकाश म्हणाला. "दिलेलं दिलं. वर मी रंग लावलाय. वर माझी गिऱ्हाइकं आता चढतात."

"माझी गिऱ्हाइकं."

"चढतात तर खरी."

"मी बाजारातून दुसरं आणलं असतं, पण त्या मॉडेलची दारं आता मिळत नाहीत. फ्रेस्नोभर फोन केले." हर्मेलिंडा खड्ड्याभोवती फिरू लागली. एक फेरी, दुसरी फेरी. "तुमचं जुनं कुठेय? वाकडं?"

"ते? ते दिलं बाबा कुणाला तरी. भंगारवाला आला होता, त्याला वाटतं."

ऑफेलियाला एव्हाना उभं राहून दम लागला होता. टेकायला काही मिळतं का म्हणून ती हात पुढे करून चाचपडत होती. खड्ड्याच्या कडेला वाकली, मातीत हात गेला, आणि "आई गं!" करून तिने तो मागे घेतला. मग पदरासारखी शाल हाताला गुंडाळून पुन्हा नेला.

"हर्मेलिंडा, ह्या मातीला कडी आहे गं."

हर्मेलिंडाने पायाने माती सारली. निळा पत्रा. मधोमध आत गेलेला. कडी.

फाउस्तिनोने दातकाडी तोंडातून काढली. "झाकण आहे ते," तो म्हणाला.

"दार आहे ते!"

"कोमाद्रे, आता काढलं तर वाफ जाईल. नातवाचा बाप्तिस्मा आहे. पन्नास माणसं जेवायची आहेत. कच्चं मटण घालू त्यांना?"

"किती घ्याल?"

"पैसे? छे छे. आपलं नातं काय." फाउस्तिनोने आभाळाकडे बघितलं. "मंगळवार."

"मंगळवार काय?"

"मंगळवारच्या फेऱ्या माझ्या. कायमच्या. डोळ्यांचा दवाखाना मंगळवारी, हाडांचा मंगळवारी. उरलेले दिवस तुमच्या नव्या गाडीने तुम्ही घ्याच की."

हर्मेलिंडाने खड्ड्याला आणखी एक फेरी मारली. मग उलटी. मंगळवार म्हणजे ऑफेलिया. हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तिच्याकडे बघायचं टाळत तिने हात पुढे केला. "घ्या."

फाउस्तिनोने हात हातात घेतला. शेडवरचा एक पत्रा काढून खड्ड्यावर सरकवला आणि दार बाहेर आलं, वाफाळतं, मेंढीच्या चरबीने आतून माखलेलं.

ऑफेलिया घरी जाताना हर्मेलिंडाचा हात न धरता, कुंपणं चाचपत चालली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"अगं, दार नसतं मिळालं तर..."

"बटाट्याच्या पोत्यालासुद्धा विचारतात, कुठे ठेवू म्हणून." आणि फाटक लागलं.

शनिवारी सकाळी पालोमा स्वतःच्या चाकांवर फ्रेस्नोत शिरली. तात्पुरत्या परवान्याचा कागद काचेला, वाकडं निळं दार आतून तारेने ओढून बसवलेलं, आणि सिग्नलला थांबली की शेजारच्या गाड्यांतली माणसं काच खाली करून नाक वर करायची. यार्डातला माणूस तिच्याभोवती फिरला. हर्मेलिंडा त्याच्या मागून फिरली.

"दिवे?"

"आहेत."

"मागची सीट? ह्यावर केस कसले एवढे?"

"माणसांचे."

त्याने निळ्या दारावर हात ठेवला, बोटं नाकाशी नेली, हुंगली. "आत काही शिजतंय का?"

"काल शिजत होतं."

"हे दार ह्याच गाडीचं आहे?"

"ह्याच मॉडेलचं आहे. दार मागितलंत, दार आणलं. वाकडं नको असं कोण म्हणालं?"

माणसाने डोकं खाजवलं. मग तिला गाडी पुढे घ्यायला सांगितली. पुढे गेली. मागे घ्यायला सांगितली. पालोमा कण्हली, थरथरली आणि काळा धूर सोडत मागे आली. माणूस खोकत म्हणाला, "पुरे, पुरे. पास." त्या वर्षात पालोमा पहिल्यांदाच कुठल्यातरी परीक्षेत पास झाली.

किल्ली देताना हर्मेलिंडाची बोटं लवकर सुटेनात. "थंडीत दोनदा फिरवावी लागते," ती म्हणाली. "आणि डाव्या वळणावर जरा हुंदके देते, पण थांबत नाही. घाबरायचं नाही."

"बाई, आम्ही चालवणार नाही हो तिला."

"तरी पण. माहीत असलेलं बरं."

मग ती सिटी बसने बोघोसियानकडे गेली, बस रिकामी असून उभ्याने. बोघोसियानने दोन्ही हात छातीवर ठेवले. दुपारी ती राखाडी गाडी घेऊन ह्युरॉनला आली. गाडी इतकी गुपचूप आली की रस्त्यात बसलेली बेकरीवालीची कोंबडी उठलीच नाही, तिच्यासाठी हर्मेलिंडाला थांबावं लागलं. रात्रभर ट्रेलरमधून काढलेली वायर गाडीत खुपसलेली होती. लोक बघून गेले. रविवार गेला. सोमवारी तिने हाडाचे दोन पेशंट आणि एक पासपोर्ट नेला; हाडवाल्यांनी खास आपला वार बदलून घेतला होता. म्हणजे सगळं व्हायला पाहिजे तसं झालं होतं.

मंगळवार उजाडला. गाडी पूर्ण भरलेली. हर्मेलिंडाने प्लग काढला, लावला, काढला. पायऱ्या झाडल्या. शेजाऱ्याच्याही झाडल्या. ऑफेलिया शनिवारपासून फोन उचलत नव्हती. शेवटी हर्मेलिंडा गाडीत बसली, नुसती एक चक्कर मारून येऊ म्हणून, आणि ती चक्कर आपोआप ऑफेलियाच्या गल्लीत शिरली.

फाउस्तिनोची निळी व्हॅन फाटकाशी उभीच होती. आत तीन माणसं आधीच बसलेली. ऑफेलिया पायरीवर एक पाय ठेवून दाराची कड धरत होती.

"कोमाद्रे," फाउस्तिनो खिडकीतून म्हणाला, "आज मंगळवार."

"माहितीय. मी काही म्हणाले? रस्ता सरकारी आहे."

ऑफेलियाने पाय खाली घेतला. "फाउस्तिनो, भाडं किती?"

"तुम्हाला माहितीय की. उतरताना द्या."

"आत्ताच घ्या." तिने नोटा चाचपून मोजल्या आणि खिडकीतून आत सरकवल्या. "मिळालं? तुमचा सौदा पुरा झाला?"

"झाला."

"मग मी कुणाच्या गाडीत बसायचं, तेही सौद्यात होतं का?"

"म्हणजे काय? भाडं म्हणजे तेच ना!"

"मला तर कुणी काही विचारलं नाही. भाडं तुमचं, बूड माझं." आणि ती वळून रस्त्याच्या मधोमध हात पुढे करून चालू लागली. "हर्मेलिंडा! कुठे आहेस? गाडी चालू आहे का?"

"चालू आहे!"

"ऐकू येत नाही काही. हॉर्न दे, मेले!"

हर्मेलिंडाने हॉर्न दिला. व्हॅनमधली तिघं हसायला लागली. फाउस्तिनो ओरडला, "अहो, मी काय रिकामी सीट नेऊ फ्रेस्नोला?"

"न्या की," ऑफेलिया म्हणाली. "उजवी लेन रिकामी असते, तिला सोबत होईल."

दोघी निघाल्या. ऑफेलियाने पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटलं. लेट्यूसची शेतं गेली, कापसाची गेली, कालवा गेला. गाडीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. हर्मेलिंडाने काच खाली केली, वर केली. रेडिओ लावला, बंद केला. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. हे असलं मौन तिला लेट्यूसच्या शेतात वाकण्यापेक्षा जड गेलं. पिस्त्याच्या बागांपाशी वीज संपली आणि बॉनेटखाली इंजिन गुरगुरलं.

"मला विकलंस," ऑफेलिया म्हणाली.

"विकलं नाही. बदललं."

"एका दारावर."

"हो."

"त्या चेपलेल्या दारावर."

"तेच होतं गं त्याच्याकडे."

ऑफेलियाने तोंड खिडकीबाहेरच्या, तिला न दिसणाऱ्या झाडांकडे वळवलं. "दर मंगळवारी त्याला पैसे द्यायचे आणि तुझ्याबरोबर यायचं, हे मला परवडायचं नाही. ऐकतेस ना? त्याचे पैसे तू द्यायचेस."

"मी? म्हणजे पेट्रोल माझं, गाडी माझी, आणि भाडंही मीच भरू?"

"मग काय. सौदा कुणी केला?"

हर्मेलिंडा उजव्या लेनमध्ये घुसली, तिने एक ट्रक मागे टाकला. "अर्धे," ती म्हणाली.

"अर्धे नाही. आणि आता सांग, बाप्तिस्म्याला मटण कच्चं राहिलं होतं म्हणे, खरं का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तू सांग आधी. पहिल्यापासून सांग."